टॉवेल कारखान्यात ऑटिस्टिक कामगारासाठी घडीचं टेबल कसं लावावं

मुलाखत घेऊ नका. "स्वतःबद्दल सांग" म्हटल्यावर गप्प बसणारा मुलगा टॉवेलातला सुटलेला धागा बरोबर हेरू शकतो, आणि नजरेला नजर न देणं हा उर्मटपणा नव्हे. तीन दिवस कामच देऊन बघा, दिवसाची मजुरी देऊन.

सोलापुरात तपासणी, घडी, पॅकिंगची कामं बहुतेक मागांच्या खडखडाटाशेजारीच चालतात. हा आवाज 90 डेसिबलच्या वर जातो. बाकीच्यांच्या तो अंगवळणी पडतो, याच्या नाही. त्यामुळे टेबल भिंतीपलीकडच्या खोलीत घ्या. मध्ये नुसता पडदा पुरत नाही. पाठ भिंतीला येऊ द्या, मागून कुणी अचानक हात लावायला नको. लुकलुकणारी ट्यूब बदला. इअरमफ द्या, पण एप्रिल-मेच्या उन्हात घामाने ते टोचतात, तेव्हा दर तासाला दहा मिनिटं शांत जागी बसू द्या.

आता घडी. 30 बाय 60 इंची टॉवेल रुंदीत तीन पदरी, मग लांबीत दोनदा दुमडला की 10 बाय 15 होतो. टेबलावर टेपने तेवढीच चौकट आखा आणि प्रत्येक दुमडीचा फोटो समोर लावा. मोजताना मध्येच हाक आली की डझनाचा आकडा तुटतो; म्हणून वाटीत 12 बिल्ले ठेवा, टॉवेलामागे एक बिल्ला दुसऱ्या वाटीत.

खरी गडबड तपासणीत होते. "खराब असेल तर काढ" म्हणजे नेमकं किती खराब? तेलाचा डाग, सुटलेला धागा, वाकडी शिलाई यांचे नमुने टाचा आणि कितीपर्यंत चालेल ते सेंटिमीटरमध्ये लिहा. पास, नापास यांच्या जोडीला "शंका" असा तिसरा क्रेट ठेवाच. तो नसला तर एकाच टॉवेलावर दहा मिनिटं जातात, मग कुणीतरी ओरडतं आणि सगळा दिवस बिघडतो.

सूचना एकाच माणसाने द्यावी. "जरा आवरून घे" ऐवजी "सहा बंडल झाले की मला बोलव". पाळी बदलणार असेल किंवा गड्ड्याच्या यात्रेची सुट्टी असेल, तर फळ्यावर आधीच लिहा.

कान झाकून तो डोलू लागला, तर भोवती जमू नका, धरू नका, प्रश्न विचारू नका. आवाज कमी करा आणि थांबा. हा हट्ट नसतो. मेंदूवर भार जास्त झालेला असतो.

पहिला महिना नगावर मजुरी ठेवू नका. अचूक हात आधी हळूच चालतो, आणि नगाचा हिशेब त्यालाच दंड करतो.

पालकांनो, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे. समान संधीचं धोरण खासगी आस्थापनेलाही करावं लागतं. ते मागा आणि टेबल, विश्रांती, इअरमफ या सोयी लेखी घ्या. मुकादम बदलला की तोंडी कबुली कुणाला आठवत नाही.