जुनी वस्तू दान देण्याआधी कुकरचं झाकण लावून बघा

आई गेल्यावर वर्षभराने माळा आवरायला काढला. पत्र्याच्या पेटीत सात कोऱ्या चादरी, स्टीलचे डबे, एक मिक्सर आणि दोन कुकर निघाले. मोठा कुकर मी घासूनपुसून इथल्याच एका वसतिगृहात नेऊन दिला. तिथल्या स्वयंपाकाच्या मावशींनी झाकण उलटं केलं, आतल्या खाचेतून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "ताई, रिंग न्हाई की वो ह्याला." शिट्टीही नव्हती. कुकर लख्ख होता, पण त्यात त्या दिवशी डाळ शिजणार नव्हती.

तेव्हापासून माझी कसोटी एकच आहे. वस्तू ज्याच्या हातात पडेल, त्याला ती त्याच संध्याकाळी वापरता आली पाहिजे.

इंग्लंड-अमेरिकेत अशा कामासाठी सेवाभावी संस्थांची दुकानं असतात. लोक नको असलेलं सामान तिथे देतात, दुकानातली माणसं ते निवडून स्वस्तात विकतात आणि आलेला पैसा संस्थेच्या कामाला लागतो. सोलापुरात आपण सामान बहुतेक वेळा थेट वसतिगृहात, वृद्धाश्रमात नाहीतर वस्तीत नेऊन देतो. मधे निवडणारं कुणी नसतं, म्हणून ती निवड आपल्या घरातच व्हायला हवी.

आधी फोन, मग आवराआवर

बहुतेक जण उलट करतात. दिवाळीची साफसफाई झाली की गोण्या भरतात आणि मग त्या कुठे टाकायच्या ते शोधतात. संस्थेला आधी विचारा: सध्या काय हवंय, किती हवंय, कुठल्या वेळी आणू? मुलींच्या वसतिगृहाला सोफा ठेवायला जागा नसते, पण बादल्या आणि अंघोळीचे मग कायम कमी पडतात. संस्था माहितीची नसेल तर धर्मादाय आयुक्तांकडची तिची नोंदणी विचारून घ्या आणि दिल्याची पोच मागा. प्राप्तिकरात सवलत मिळते ती पैशाच्या देणगीवर. वस्तू दिल्याबद्दल मिळत नाही, त्यामुळे तो हिशेब धरू नका.

संस्थाच हवी असंही नाही. कुंभारीजवळच्या रे नगरात विडी आणि यंत्रमाग कामगारांची हजारो घरं झाली आहेत, त्यातली पहिली १५,००० जानेवारी २०२४ मध्ये ताब्यात दिली गेली. नव्या घरात मांडणी, कपाट, पंखा अशी गरज असतेच. तुमच्या ओळखीचं कुणी तिथे राहायला गेलं असेल तर सरळ विचारा. मात्र विचारताना "नको" म्हणायची मोकळीक ठेवा. घरकामाला येणाऱ्या मावशींना आपली अडगळ नाकारता येत नाही, म्हणून त्या मुकाट्याने घेऊन जातात. हे मी फार वेळा पाहिलंय आणि मला ते बरं वाटत नाही.

कपडे आणि चादरी

धुवा, कडक उन्हात वाळवा, घडी घाला. मग एकेक कपडा हातात घेऊन बघा: बटणं आहेत का, चेन लागते का, परकराला नाडी आहे का. खिसे तपासा. साडीसोबत तिचा परकर ठेवा. मुलांच्या कपड्यांचे गठ्ठे वेगळे बांधून वर चिठ्ठी लावा, "मुलगा, ८ वर्षं" अशी. घेणाऱ्यांचा निम्मा वेळ वाचतो. वापरलेले आतले कपडे कधीही देऊ नका.

फाटकं सुती कापड टाकायचं नाही. जुनी मऊ लुगडी वाकळ शिवणाऱ्या बायकांना सोन्यासारखी असतात, उरलेल्या चिंध्या गॅरेजवाले हात पुसायला घेतात. १९९९ साली अंशू गुप्ता यांनी सुरू केलेली 'गूंज' ही संस्था अशाच जुन्या सुती कापडापासून सॅनिटरी पॅड करते. बोहारणीला कपडे देऊन भांडं घेतलं तरी त्यात कमीपणा नाही. ती ते कपडे नीट करून विकते, तिचं घर त्यावर चालतं.

चादरींबद्दल जरा जास्त सांगते. आपल्या गावातच त्या विणल्या जातात, लग्नाकार्यात आहेर म्हणून येतात, त्यामुळे प्रत्येक घरात दोनचार तरी घडी न मोडता पडलेल्या असतात. दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यात ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि पाचटाच्या, ताडपत्रीच्या कोपीत राहतात. डिसेंबरात पहाटे शेतात जी थंडी असते, तिला जाड सोलापुरी चादरच लागते. पेटीतली चादर नोव्हेंबरातच पोचवा. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेपर्यंत थांबलात तर निम्मी थंडी संपलेली असते.

भांडी आणि यंत्रं

भांड्यावर नाव कोरलेलं आहे म्हणून अडू नका. कुणाच्या तरी लग्नातलं नाव असलेल्या पातेल्यातही भात तसाच शिजतो. झाकणं मात्र जोडीने द्या. कुकरला रिंग, शिट्टी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह हवाच. मिक्सरची भांडी लावून दोन मिनिटं फिरवून बघा, इस्त्रीची वायर सोललेली नाही ना ते पाहा. गॅसची शेगडी देता येते. सिलेंडर आणि रेग्युलेटर कंपनीचे असतात, ते कनेक्शनसोबत परत करायचे. जुनी नळी देऊ नका, तिचं आयुष्य पाच वर्षांचं.

मोबाईल देताना सिम आणि मेमरी कार्ड काढा, आतलं सगळं पुसा, चार्जर सोबत द्या. दुरुस्त न होणारं यंत्र हे दान नव्हे, ई-कचरा आहे. तो वेगळा जमा करणाऱ्याकडे द्या.

आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. त्यामुळे झाकणाचं पिंप, टाकी, हंडा या वस्तूंना जितकी मागणी आहे तितकी क्वचितच कशाला असेल. फक्त गळत नाही ना, हे एक रात्र भरून ठेवून बघा. पिंपात आधी रंग किंवा औषध होतं का, हेही आठवा. असलं पिंप पिण्याच्या पाण्यासाठी देऊ नका.

कापसाची गादी मे महिन्यात गच्चीवर दोन दिवस तापवा, ढेकूण असतील तर देऊच नका.

नेऊन द्या

मोठं सामान असेल तर शेजारच्या दोनतीन घरांनी मिळून छोटा हत्ती ठरवा. दिवसाउजेडी जा, उतरवायला हात लावा. देताना घेणाऱ्यांसोबत फोटो काढू नका.

त्या कुकरचं झाकण मी पिशवीत घालून बाजारात नेलं. दुकानदाराने तीन रिंगा लावून पाहिल्या, तिसरी बसली. शिट्टी घेतली आणि परत वसतिगृहात गेले. मावशींनी तिथल्या तिथे पाणी घालून कुकर गॅसवर चढवला आणि शिट्टी होईपर्यंत मला उठू दिलं नाही. मग म्हणाल्या, "आता पुढल्या बारीला कुकर नको वो. झाकणाचं पिंप असलं तर बघा."