मुलांच्या कलानं खेळू देताना बालवाडीत होणाऱ्या या चुका टाळा

नागपुरात आता गल्लीतल्या बालवाडीच्या फलकावरही 'खेळातून शिक्षण' लिहिलेलं असतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं ३ ते ८ वर्षं हा पायाभूत टप्पा धरला, त्यामुळे या शब्दांना भावही आला. आत डोकावलं तर मात्र काय खेळायचं, कुठं बसायचं, कोणाशी खेळायचं, कधी थांबायचं, सगळं ताईच ठरवतात. पोरांनी फक्त ऐकायचं.

पंधरा मिनिटांचा 'मुक्त खेळ'

वेळापत्रकात सव्वादहा ते साडेदहा. त्यात जागा पकडायची, मग 'मी आई, तू पाहुणी' यावरून भांडायचं, भांडण मिटवायचं. खेळ कुठं रंगात येतो तोच घंटा वाजते. वर ताईंचीच तक्रार, "पोरं एका जागी टिकत नाहीत." टिकतील कशी?

रोज सलग ४० ते ४५ मिनिटं द्या. आणायची कुठून, तर रांगांमधून. सगळ्यांनी एकदम हात धुवायला उभं राहायची गरज नसते. भूक लागेल तसे चार-चार जण खाऊला गेले तरी चालतं. खेळ संपायच्या पाच मिनिटं आधी सांगून ठेवा, म्हणजे रडारड कमी होते. आणि अर्धवट बांधलेलं घर रोज मोडायला लावू नका. एका कोपऱ्यात सतरंजी टाका, तिथलं काम उद्यापर्यंत तसंच राहू द्या.

सारखे प्रश्न विचारणं

ही चूक सगळ्यात जास्त दिसते, आणि करतात त्या बहुधा तळमळीच्याच ताई. एका बालवाडीत चारेक वर्षांची मुलगी संत्र्याच्या लाकडी पेटीत रेती ओतत होती. पट्ट्यांच्या फटींतून रेती गळत होती. तिनं आधी तळहात लावून पाहिला, मग पळसाचं पान. पान घसरलं तेव्हा ओलं फडकं आणून दाबलं. तेवढ्यात ताई आल्या. "अरे वा! फडकं कोणत्या रंगाचं गं?" "लाल." "शाब्बास! आणि पट्ट्या किती?" मुलीनं दोन पट्ट्या मोजल्या, हात झटकले आणि झोक्याकडं निघून गेली. गळणारी रेती अडवायची कशी, हा तिचा प्रश्न ताईंच्या प्रश्नापेक्षा कितीतरी अवघड होता.

अशा वेळी आधी नुसतं पाहा. बोलावंसं वाटलंच तर दिसतं तेवढंच म्हणा, "पान घसरलं वाटतं." मग गप्प बसा. ज्याचं उत्तर तुम्हाला आधीच ठाऊक आहे तो प्रश्न खेळाच्या वेळी नको.

याचं दुसरं टोकही आहे: पोरं मोकळी सोडायची आणि आपण रजिस्टर भरत बसायचं. (अंगणवाडी सेविकेला पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपमध्ये माहिती भरावीच लागते, तिला बोल लावणं सोपं आहे. पण ते काम खेळाच्या वेळेत नको, एवढं जमवता येतं.) कोण काय करतंय ते पाहून उद्या कोणती वस्तू मांडायची हे ठरवणं, हे ताईंचं खरं काम. त्या मुलीसाठी दुसऱ्या दिवशी चाळणी, गोणपाट आणि एक फुटका डबा ठेवला असता तर खेळ आणखी दोन दिवस चालला असता.

खेळणी कपाटात, कपाटाला कुलूप

"तुटतील ना!" तुटतीलच. म्हणून न तुटणारं ठेवा: रेती, गोटे, डब्यांची झाकणं, जुन्या ओढण्या, खोके. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढं कोसबाडला आजूबाजूला मिळणाऱ्या वस्तूंवरच बालवाडी उभी केली. फक्त तीन वर्षांच्या आतल्या मुलांपुढं चिंचोके, मणी, गोट्या नकोत, घशात अडकतात.

उन्हाळ्याचं वेगळं. मार्च सरता सरता इथली लोखंडी घसरगुंडी तापायला लागते, मेमध्ये पारा ४५ च्या पुढं जातो. म्हणून मैदान बंद करू नका, वेळ बदला. सकाळी साडेसातला कडुलिंबाच्या सावलीत घमेल्यात चार बोटं पाणी पुरतं, ते नंतर झाडांना घाला. भरलेली बादली मात्र क्षणभरही उघडी सोडू नका. लहान मूल तोल जाऊन तिच्यात डोक्यावर पडू शकतं.

"हा नुसता बघत बसतो"

घाई नको. दुसऱ्यांचा खेळ पाहत राहणं किंवा शेजारी बसून आपापलं खेळणं हे या वयात साहजिक आहे. अमेरिकी संशोधक मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ मध्येच खेळाचे हे प्रकार नोंदवून ठेवलेत. हात धरून घोळक्यात ढकललं की ते मूल आणखी मागं सरतं. त्याच्या जवळ बसून तुम्हीच काहीतरी रचायला लागा. भांडणं एकाच वस्तूवरून होत असतील तर उपदेशापेक्षा ती वस्तू आणखी एक आणा.

तान्हा पोळा

लाकडी नंदी सजवून मिरवायचा विदर्भातला हा सण तर पोरांचाच. पण झूल शिवतात आई, शिंगं रंगवतात बाबा आणि बक्षीस मिळतं सगळ्यात महागड्या नंदीला. ज्याचा तो फोटोपुरता दोरी धरून उभा. मला ती स्पर्धाच नको वाटते. बालवाडीत आदल्या दिवशी रंग, चिंध्या, घुंगरू मांडा. नंदी हिरवा झाला तर हिरवा.

पालक विचारतात, "काहून जी, वहीत काहीच नाही?"

धोरणाचे दाखले दिले तर पालक आणखी बिथरतात. दाराशी एक फळा लावा. रोज एका खेळाचा फोटो आणि खाली दोन ओळी: 'आज रेती का गळते ते शोधलं. तीन उपाय करून पाहिले.' रेती भरणं, माती मळणं, चिमट्यानं वस्तू उचलणं यातूनच मनगट आणि बोटं पेन्सिलीसाठी तयार होतात, हे पालकसभेत बोलून दाखवण्यापेक्षा त्यांनाच कणकेचा गोळा मळायला द्या. आणि चाचणीचा आग्रह धरणाऱ्याला सांगा, की पायाभूत स्तराच्या २०२२ च्या राष्ट्रीय आराखड्यात ३ ते ६ या वयासाठी परीक्षा पूर्णपणे अयोग्य ठरवली आहे.