मूल बोलत नाही? आधी आजीला बोलू द्या

कर्वेनगरात बालवाडी चालवायला लागून २२ वर्षं झाली. दर जूनमध्ये कुणीतरी विचारतंच, "बाई, हा बोलत का नाही?" हातात अप्पा बळवंत चौकातून आणलेला फ्लॅशकार्डांचा गठ्ठा. वेखंड चाटवून झालेलं असतं.

एक अडीच वर्षांची मुलगी आठवते. जेमतेम दहा-बारा शब्द, तेही रंगांची इंग्रजी नावं. कान तपासून घ्यायला लावले, ते ठणठणीत. मग कळलं, ॲडमिशनसाठी आईबाबांनी घरात मराठी बंद केली होती! दिवसभर मुलीजवळ असायची ती आजी, सांगलीकडची, मोठी गप्पिष्ट. तिला 'कम', 'सिट', 'ईट' एवढंच यायचं, म्हणून बिचारी गप्प. आठ तास पोरीच्या कानावर तीन शब्द. मी म्हटलं, मेथी निवडताना मांडीशी बसवा आणि आजींना हवं ते बोलू द्या. दिवाळीनंतर तीच मुलगी मला म्हणाली, "बाई, तुमची साडी चुरगळली." दोन भाषांमुळे मूल मागे पडत नाही हो. शब्द मोजताना 'पाणी' आणि 'वॉटर' दोन्ही धरा.

'हे काय? ते काय?' ही तोंडी परीक्षा थांबवा. विचारलंच, तर मनात पाच आकडे मोजा. पालकांना तेवढाही दम निघत नाही.

'मी करलं' म्हणालं तर हसू नका. 'धर'चं 'धरलं', मग 'कर'चं 'करलं': पोरानं नियम स्वतः शोधलाय. मी फक्त "हो, केलंस का!" म्हणते.

काकाचा 'ताता' अडीच वर्षांच्या वयात चालतो. 'र' तर त्याहून उशिरा येतो.

जेवताना मोबाइल नको. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय, वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन नाहीच, दोन वर्षांच्याला फार तर तासभर.

"याचे बाबाही उशिराच बोलले," या वाक्याची मला चीड आहे. वर्षाच्या आसपास पहिला शब्द, दुसऱ्या वाढदिवसापर्यंत 'बाबा ये', 'दूध नको' अशा जोड्या यायला हव्यात. नसतील तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. सतत सर्दी असली की कानाच्या पडद्यामागे पाणी साचू शकतं. मूल हाकेला वळतं, पण बारीक आवाज निसटतात. घरी टाळी वाजवून ते कळत नाही. आणि येत असलेले शब्द जायला लागले, तर पुढच्या सुट्टीची वाट बघू नका, त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा.