मातीचे जुने धरण कसे तपासावे

हौसेसाठी राखलेल्या तलावाचे जुने धरण तपासायला तळे भरलेले असताना जा. आधी खालच्या बाजूचा पायथा पाहा. भर उन्हाळ्यात तिथे हिरवा पट्टा दिसला, तर झिरपा आहे असे समजा. ते पाणी काचेच्या बाटलीत धरून तासभर ठेवा. नितळ राहिले तर व्ही-नॉच (प्रवाह मोजायची V आकाराची खाच असलेली पट्टी) बसवून झिरपा दर आठवड्याला मोजा. शेजारी तळ्याची पातळीही लिहा, नाहीतर आकड्याला अर्थ नाही. तळाशी माती बसली तर धरण आतून पोखरतेय: खालच्या वस्तीला कळवा, अभियंत्याला बोलवा, पाणी उतरवायला घ्या. गळतीच्या तोंडावर चिखल थापू नका. आतला दाब वाढून पाणी दुसरीकडून फुटते. मोठी झाडेही मुळासकट उपटू नयेत, खड्डा आणि सैल माती मागे राहते.

धरणाचा माथा लेव्हलने (उंचीतला फरक मोजायच्या उपकरणाने) मोजा. मधोमध खचला असेल तर पूर नेमका तिथूनच उतरतो.

सांडव्यावर (जादा पाणी बाहेर जायच्या वाटेवर) मासे अडवायची जाळी असेल तर काढाच, तिच्यात कचरा अडकून वाट तुंबते. अमेरिकेतल्या साउथ फोर्क धरणावर मासेमारी क्लबची अशीच जाळी होती, पाणी सोडायचे नळ आधीच्या मालकाने काढून विकलेले, माथा खाली उतरवलेला. 31 मे 1889 रोजी ते फुटले. 2,200 हून अधिक माणसे गेली.