जुन्या चेतकचा पत्रा: गंज काढायचा कसा, थांबवायचा कसा

ठाण्यात किंवा नवी मुंबईत जुनी बजाज चेतक स्कूटर पुन्हा नव्यासारखी करायची असेल, तर पत्र्याचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत काढा. खाडीकाठच्या दमट हवेत उघडा पत्रा एका रात्रीत तांबूस पडतो. चेतकला वेगळी फ्रेम नसते, बॉडी हीच फ्रेम. पायाखालचा पत्रा सडला की गाडीची ताकदच गेली.

आधी सीट, टाकी, बॅटरी, वायरिंग काढा. पेट्रोलची टाकी लांब नेल्याशिवाय ग्राइंडरला हात लावू नका. मग फूटबोर्डच्या रबरी पट्ट्या उचला. पाणी तिथेच मुरतं. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने ठोकत जा: चांगला पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो, कधी टोक सरळ आत जातं. अशा जागा खडूने खुणावून ठेवा.

रंग काढायला पेंट रिमूव्हर जेल बरं. जाड थर द्या, रंग सुरकुतून फुगला की पत्तीने खरवडा. हातमोजे, गॉगल हवेतच आणि काम मोकळ्या हवेत. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडा घासून धूळ उडवू नका. वॉटर पेपर ओला करूनच घासा. कोपऱ्यांत वायर ब्रश. सँडब्लास्टिंगने, म्हणजे वाळूच्या माऱ्याने, पातळ, सपाट पत्रा ताणून वाकतो, त्यामुळे डिकीचे पत्रे तिकडे मुळीच देऊ नका. चॅसिस नंबरावर ग्राइंडर किंवा पुटी (खड्डे भरायचा लगदा) चालवू नका, तिथे टेप लावा.

भोकं पुटीने बुजवायची नाहीत. चांगला पत्रा लागेपर्यंत कापा आणि त्याच जाडीचा तुकडा वेल्ड करून घ्या.

उरलेल्या खड्ड्यांतल्या गंजावर फॉस्फोरिक ॲसिडचं रस्ट रिमूव्हर लावा. काम झालं की पाण्याने धुवा आणि हीट गनने लगेच वाळवा, सांध्यांत ओल राहता कामा नये. ॲसिड राहिलं तर वरचा प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा थर, धरत नाही. मग थिनरच्या कपड्याने पुसा, लगेच दुसऱ्या कोरड्या कपड्याने. त्यानंतर उघड्या बोटांनी पत्र्याला शिवू नका, घामातलं मीठ तिथेच राहतं.

आता त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, त्यात मिसळायचा हार्डनर (थर घट्ट करणारा) डब्यावरच्या प्रमाणातच. पेंटर म्हणेल, ‘रेड ऑक्साइड मारू, बास आहे.’ ऐकू नका. साध्या रेड ऑक्साइडमधून ओल झिरपते, आणि आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात पत्रा आतून पुन्हा गंज धरतो. पैसे वाचवायचे तर वरच्या रंगात वाचवा, इथे नको. पुटी लावायची ती इपॉक्सीवर, नंग्या पत्र्यावर नाही. दिवसभरात जेवढं प्रायमरने झाकता येईल तेवढाच भाग सकाळी उघडा करा.

मूळ रंग बदलायचा असेल तर आधी आरटीओची परवानगी घ्या, आरसीवर नोंद लागते.

रंग सुकल्यावर फूटबोर्डखालच्या पोकळ भागांत लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स (गंज रोखणारं मेण) फवारा आणि पाणी निघायची भोकं तारेने मोकळी करून घ्या.