फिक्या घरात आधी पोत, मग नक्षी, शेवटी रंग

नव्या फ्लॅटचा ताबा मिळतो तेव्हा बहुतेक घरं सारखीच दिसतात. ऑफव्हाइट भिंती, दोन बाय दोन फुटांच्या क्रीम फरश्या, बेज सोफा आणि लाकडी रंगाच्या सनमायकाचं टीव्ही युनिट. काही महिन्यांत घर ओकंबोकं वाटू लागतं. मग पहिला उपाय म्हणून एक भिंत गडद रंगवली जाते, आणि घर ओकंबोकंच राहतं, फक्त एका बाजूने गडद होतं. इथे क्रम उलटा झालेला असतो. अशा घरात कमतरता रंगाची कमी आणि सावल्यांची जास्त असते. भिंत, फरशी, सनमायका सगळंच गुळगुळीत असल्यामुळे नजर कुठे ठरत नाही. म्हणून आधी पोत आणायचा, त्यावर नक्षी, आणि रंग सगळ्यांत शेवटी. या क्रमाने गेलं तर रंग खूप कमी लागतो आणि भिंत रंगवावी लागेलच असंही नाही.

खाली हिशेबासाठी 10 बाय 16 फुटांचा हॉल धरला आहे.

आधी घराचा छुपा रंग ओळखा

क्रीम म्हणजे एकच रंग नव्हे. छपाईचा कोरा पांढरा कागद दुपारच्या उजेडात, सगळे दिवे बंद करून फरशीवर ठेवा. त्याच्या शेजारी फरशी पिवळट, गुलाबीसर किंवा राखाडी, यांपैकी काहीतरी नक्की दिसेल. भिंत आणि सोफा यांच्याजवळही तोच कागद धरा. पिवळट फरशीवर डाळिंबी, शेवाळी, मोरपंखी आणि गेरूचा तांबूस चांगला बसतो. गुलाबीसर फरशीवर अंजिरी आणि गडद निळा शोभतो, पण हळदी रंग तिथे मळकट दिसतो. राखाडी फरशीला मात्र हळदी आणि विटकरीच ऊब देतात. फरशी बदलणं सगळ्यांत महाग असल्यामुळे निर्णय तिच्यापासून सुरू करा, उशांच्या अभ्र्यांपासून नको.

दिवा बदलल्याशिवाय पोत दिसत नाही

कापडाचा खडबडीतपणा आपल्याला दिसतो तो त्याच्या बारीक सावल्यांमुळे. छताच्या मधोमध 6500 केल्व्हिनचा पांढराशुभ्र दिवा असेल तर उजेड वरून सरळ पडतो आणि त्या सावल्या पुसल्या जातात. शिवाय त्या उजेडात क्रीम फरशी राखट आणि लाल कापड निस्तेज दिसतं. हॉलमध्ये 2700 ते 3000 केल्व्हिनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे दिवे घ्या. खोक्यावर सीआरआय 90 किंवा जास्त लिहिलेलं असेल तर उत्तम, कारण त्याखाली रंग खरे दिसतात. एकाच खोलीत पांढरा आणि पिवळा उजेड मिसळू नका.

छतावरच्या दिव्यासोबत बाजूने येणारा उजेडही हवा. सोफ्याशेजारी एक उभा दिवा आणि समोरच्या कोपऱ्यात एक टेबलावरचा, एवढं हॉलला पुरतं. भिंतीवर काही लावणार असाल तर दिवा भिंतीपासून सहा ते बारा इंचांवर ठेवा, म्हणजे उजेड तिच्यावरून घसरत जाईल आणि टाका न् टाका उठून दिसेल. एक सावधगिरी मात्र हवी. भिंतीची पुट्टी नीट घासलेली नसेल तर याच उजेडात तिचे उंचसखल भागही दिसतात. आधी रात्री मोबाइलचा टॉर्च भिंतीला लावून बघा.

पोत: गोधडी, घोंगडी, सोलापुरी

यासाठी महागड्या दुकानात जायची गरज नाही. आपल्याकडची तीन जाड कापडं हे काम सुंदर करतात.

सोलापुरी चादर साधारण 60 बाय 90 इंचांची, सुती आणि जाड असते. नक्षी विणणाऱ्या जकार्ड मागावर तयार झाल्यामुळे नक्षी दोन्ही बाजूंना दिसते, फक्त रंग उलटे होतात. ती सोफ्यावर पूर्ण अंथरली की सोफा पलंगासारखा दिसतो. त्याऐवजी लांबीत तीन पदरी घडी घालून सोफ्याच्या एका टोकावर पाठीवरून बैठकीपर्यंत सोडा. घडी साधारण 20 इंच रुंद होते. सात फुटी सोफ्याला एवढं प्रमाण बरोबर बसतं.

घोंगडी दख्खनी मेंढीच्या लोकरीची, काळी-करडी आणि खरखरीत असते. विणून झाल्यावर तिला चिंचोक्याची खळ देतात, म्हणून नवी घोंगडी ताठ लागते. अंगाला टोचते, त्यामुळे सोफ्यापेक्षा बाकावर किंवा जमिनीवर ती शोभते. क्रीम फरशीवर काळी घोंगडी ठेवली की अख्ख्या खोलीला आधार मिळाल्यासारखं वाटतं. गुळगुळीत फरशीवर ती घसरते. खाली रबरी जाळीची मॅट घाला आणि मॅट चारही बाजूंनी एकेक इंच लहान कापा, नाहीतर कडेने डोकावते.

गोधडी भिंतीवर लावता येते, आणि भाड्याच्या घरात भिंत रंगवण्यापेक्षा हे कितीतरी बरं. मागच्या बाजूला वरच्या कडेला चार इंच रुंदीच्या सुती पट्टीची नळी शिवा. टाके हाताने आणि फक्त मागच्या थरातून घ्या, पुढे दिसता कामा नयेत. नळी दोन्ही टोकांना एकेक इंच आखूड ठेवा. तीतून एक इंच जाडीची लाकडी काठी घालून ती दोन हुकांवर टेकवा. हुकांसाठी 8 मिलिमीटरचे प्लग आणि स्क्रू वापरा. गोधडी वाटते त्यापेक्षा जड असते आणि चिकटवायचे हुक काही दिवसांत निसटतात. खिळ्यांनी थेट ठोकू नका. वजन दोन-तीन बिंदूंवर येऊन जुन्या साडीचं कापड तिथेच फाटतं. थेट ऊन पडणारी भिंतही टाळा.

जमिनीवर सतरंजी घालणार असाल तर मापात कंजुषी नको. हॉलच्या मधोमध 3 बाय 5 ची सतरंजी आसनासारखी दिसते. सात फुटी सोफ्यापुढे 5 बाय 8 किंवा 6 बाय 9 घ्या, आणि सोफ्याचे पुढचे पाय आठ-दहा इंच तिच्यावर येऊ द्या. विकत घेण्याआधी फरशीवर त्या मापाची वर्तमानपत्रं पसरून बघा.

पडद्यांचा हिशेब

फिक्या घरात सगळ्यांत मोठं कापड पडद्याचं असतं, आणि गोंधळही इथेच होतो. खिडकी पाच फूट रुंद असेल तर रॉड दोन्ही बाजूंना आठ-आठ इंच पुढे न्या, म्हणजे रॉड 76 इंच. चुण्यांसाठी दुप्पट कापड लागतं, म्हणजे 152 इंच. हातमागाच्या सुती कापडाचा पन्हा 44 इंच असेल तर कडा दुमडून 40 हाती लागतात, म्हणून चार पट्टे. रॉड जमिनीपासून सात फुटांवर असेल तर लांबी 84 इंच, वरची घडी 4, खालची घडी 6, आणि धुतल्यावर आटण्यासाठी पाच टक्के धरून सुमारे 99 इंच, म्हणजे अडीच मीटर. चार पट्ट्यांना 10 मीटर, आणि हाताशी अर्धा मीटर जास्त.

शिवण्याआधी कापड एकदा भिजवून वाळवा. हे टाळलं की पहिल्या धुण्यातच पडदा घोट्यावर येतो. आयलेट (रॉड ओवायच्या कड्या) लावणार असाल तर प्रत्येक पडद्याला त्यांची संख्या सम ठेवा, म्हणजे दोन्ही कडा भिंतीकडे वळतात. पडदे भिंतीच्याच रंगाचे पण जाडसर विणीचे घ्या. इथे नक्षी नको, ती पुढे येते आहे.

नक्षी: एक मोठी, एक मध्यम, एक बारीक

तीन नक्ष्या एकत्र नांदतात, त्यांचे आकार वेगळे असतील तर. सोलापुरी चादरीची नक्षी मोठी, सतरंजीचे पट्टे मध्यम, आणि बारीक नक्षीसाठी खण. दोन सारख्या मापाच्या बुट्ट्या शेजारी आल्या की डोळ्यांना त्रास होतो आणि कारण पटकन कळत नाही.

खणाबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. त्याची नक्षी इतकी बारीक असते की सहा-आठ फुटांवरून ती दिसतच नाही, दिसतो तो फक्त रंग आणि चमक. उभा-आडवा धागा दोन रंगांचा असेल तर धूपछाव येते. म्हणून सोफ्यावरचा खणाचा अभ्रा दारातून बघताना रंगाचं काम करतो आणि शेजारी बसल्यावर नक्षीचं. फिक्या घराला याहून योग्य कापड नाही.

कर्नाटकातल्या गुळेदगुड्डच्या पारंपरिक खणाचा पन्हा अरुंद, साधारण 30 ते 32 इंच असतो. 16 इंचांच्या अभ्र्याला शिलाईसकट 17 इंच लागतात, त्यामुळे एका मीटरमध्ये दोनच पुढचे भाग निघतात. पाठ साध्या सुती कापडाची करा. उरलेल्या 13 ते 15 इंची पट्टीतून दुसऱ्या साध्या अभ्र्याला काठ लावता येतो. खण कडेने पटकन विरतो, म्हणून आतून सुती अस्तर द्या, कडा इंटरलॉक करून घ्या आणि मशीनला 11 नंबरची सुई लावा. आतली उशी अभ्र्यापेक्षा दोन इंच मोठी, म्हणजे 18 इंचांची घातली तर कोपरे भरलेले राहतात.

लाल आणि गडद रंग जातात का ते आधी तपासा. ओला पांढरा रुमाल कापडावर अर्धा मिनिट दाबून धरा. रुमालावर रंग उतरला तर ते कापड बेज सोफ्यावर नको. मिठाच्या पाण्यात भिजवून जाणारा रंग पक्का होत नाही.

आणि मग रंग

आता एकच मुख्य रंग निवडा आणि तो खोलीत तीन ठिकाणी, वेगवेगळ्या उंचीवर येऊ द्या. उदाहरणार्थ डाळिंबी: उशीवर, भिंतीवरच्या एका चौकटीत आणि सतरंजीच्या एका पट्ट्यात. एकाच ठिकाणी आलेला रंग चुकून राहिल्यासारखा दिसतो. तांब्या-पितळेची एक-दोन भांडी आणि खरी झाडं यांना या हिशेबात धरू नका, ती सगळ्यांशी जुळतात.

एवढं करूनही भिंत रंगवावीशी वाटली तर जरूर रंगवा. फक्त खिडकी असलेली भिंत निवडू नका. तिच्यातून येणाऱ्या उजेडामुळे ती आधीच काळपट दिसते. ज्या भिंतीवर उजेड पडतो ती घ्या. शेडकार्डवरचा रंग भिंतीवर जास्त गडद भासतो, म्हणून आवडलेल्यापेक्षा एक पायरी फिकट घ्या. दोन बाय दोन फुटांचा तुकडा दोन हात देऊन रंगवा आणि सकाळी, दुपारी, रात्री दिव्याखाली बघा. दहा फूट रुंद, साडेनऊ फूट उंच भिंत म्हणजे 95 चौरस फूट. दोन हातांना दोन लिटर इमल्शन पुरतं. गडद लाल आणि पिवळे रंग मात्र नीट झाकत नाहीत, खालचा पांढरा डोकावतो. त्यांना आधी प्रायमर रंगीत करून घ्या किंवा तिसरा हात धरा.

ओल असलेल्या भिंतीवर टेक्श्चर किंवा गडद रंग अजिबात नको. एक फुटाचा प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीला लावा आणि 24 तासांनी बघा. आतल्या बाजूला पाणी जमलं असेल तर ओल भिंतीतून येते आहे, आणि त्यावरचा रंग फुगून पोपडे धरणारच. पाणी बाहेरच्या बाजूला असेल तर ती हवेतली ओल आहे.

मुंबई, कोकण, गोवा या बाजूला तागाच्या सतरंजीला पावसाळ्यात बुरशी येते, तिथे सुती घ्या. घोंगडीला कसर लागते. पाऊस सुरू होण्याआधी ती दोन दिवस कडक उन्हात टाका, झटका, कडुलिंबाच्या वाळलेल्या पाल्यासह सुती कापडात गुंडाळा आणि दिवाळीला पुन्हा बाहेर काढा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, आत दमट राहून वास धरते.