जुन्या कॅनन डीएसएलआरवर एम४२ आणि निकॉनच्या मॅन्युअल लेन्स लावायच्या असतील तर

घरात ११००डी, ४५०डी नाहीतर पहिली ५डी पडून असेल तर ती विकू नका, कारण जुन्या मॅन्युअल लेन्स लावायला कॅननची ईएफ (कॅनन डीएसएलआरचं लेन्स माउंट) बॉडी खरंच फार सोयीची आहे. कारण साधं आहे, माउंटपासून (लेन्स जिथे बसते ती कडी) सेन्सरपर्यंतचं अंतर. कॅनन ईएफचं ते ४४ मिमी, एम४२ चं (जुनं, स्क्रूसारखं फिरवून बसवायचं माउंट) ४५.४६ आणि निकॉन एफचं ४६.५. म्हणजे लेन्सला जेवढं अंतर लागतं त्यापेक्षा बॉडीचं कमी आहे, मधला फरक अडॅप्टरची रिंग भरून काढते, आत काच लागत नाही आणि लांबचा डोंगरही शार्प येतो. उलट निकॉनच्या बॉडीवर एम४२ लावली की साधारण एक मिमी जास्त पडतं, मग लांबचं फोकसच होत नाही, आणि काचवाला अडॅप्टर घेतला तर स्वस्तातली काच लेन्सची सगळी मजा घालवते. कॅननच्याच जुन्या एफडी लेन्सचं अंतर ४२ मिमी, त्यामुळे त्या इथे काच नसताना चालत नाहीत, त्या मिररलेस (आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यासाठी ठेवा.

सुरुवात हेलिओस ४४-२ ने करा, ५८ मिमी एफ२, झेनिट कॅमेऱ्यांसोबत यायची ती. हिला मागे पिन नाही, अपर्चर (उजेड आत येण्याचं भोक) पूर्ण रिंगवर चालतं. पण बऱ्याच एम४२ लेन्सना मागे पिन असते आणि ती दाबली गेल्याशिवाय अपर्चर बंदच होत नाही, अशा लेन्सवर ऑटो-मॅन्युअलचा खटका असेल तर मॅन्युअलवर करा, नसेल (हेलिओस ४४एम-४ आणि पुढच्यांना नाहीये) तर आतून कडा असलेला, पिन दाबून धरणारा अडॅप्टर मागा. निकॉनची घेणार असाल तर अपर्चर रिंग असलेलीच घ्या, जी टाइपला रिंग नसते.

आता लावायचं कसं. अडॅप्टर आधी लेन्सवर घट्ट बसवा, मग लेन्स नेहमीसारखी बॉडीवर फिरवा. स्क्रीनवर अपर्चरच्या जागी ०० दिसेल, घाबरू नका, शटर चालतं. एव्ही मोड (शटर स्पीड कॅमेरा ठरवतो) ठेवा, अपर्चर पूर्ण उघडून फोकस करा, मग रिंग ४ किंवा ५.६ वर आणून क्लिक करा, मीटर आत येणाऱ्या उजेडावरूनच शटर स्पीड ठरवतं. कधी फोटो जास्त उजळ तर कधी काळा येतो, ते एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनने (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) सावरा किंवा सरळ एम मोडवर (शटर स्पीड स्वतः ठरवायचा) जा.

फोकस हाच सगळ्यात अवघड भाग, आणि लोक इथेच कंटाळून लेन्स कपाटात टाकतात. ११००डी चा व्ह्यूफाइंडर लहान आहे, एफ२ ला त्यात डोळा शार्प आहे की भुवई ते कळत नाही, म्हणून लाइव्ह व्ह्यू चालू करून १० पट झूम करा आणि मग रिंग हळूहळू फिरवा. ५डी ला लाइव्ह व्ह्यू नाही, पण तिची फोकसिंग स्क्रीन बदलता येते, ईई-एस नावाची (मॅन्युअल फोकसला सोयीची) मिळाली तर घ्याच, आणि बदलल्यावर मेनूमध्ये तसं सेट करा नाहीतर मीटर चुकतं. चिपवाले अडॅप्टर फोकस जुळल्यावर बीप देतात, मदत होते, पण उघड्या अपर्चरला त्या बीपवर पूर्ण विसंबू नका.

५डी वाल्यांनी अजून एक बघा. फुल फ्रेमचा (५डी सारख्या मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याचा) आरसा मोठा असतो आणि काही लेन्सचा मागचा भाग इन्फिनिटीला (सगळ्यात लांबच्या फोकसला) आत येतो, पेंटॅक्सच्या सुपर टाकुमार ५० एफ१.४ चं हे नेहमीचंच. नवी लेन्स लावली की आधी सगळ्यात जवळच्या फोकसवर एक शॉट घ्या, मग थोडं थोडं इन्फिनिटीकडे सरकत जा, आरसा अडकतोय वाटलं की तिथेच थांबा. ११००डी, ४५०डी चा आरसा लहान, तिथे ही भीती बरीच कमी, फक्त सेन्सर लहान असल्याने १.६ च्या क्रॉपमुळे ५८ ची लेन्स ९३ सारखी दिसते, पोर्ट्रेटला झकास.

विकत घेताना मागून टॉर्च मारून काच बघा, कोकणात-मुंबईत पावसाळे काढलेल्या लेन्समध्ये बुरशीचे जाळीसारखे धागे हमखास सापडतात. टाकुमार पिवळी दिसली तर मात्र सोडू नका, थोरियमच्या काचेमुळे तसं होतं, काही दिवस खिडकीत उन्हात ठेवली की बरीच साफ होते, फक्त झाकणं काढून ठेवा आणि ऊन एका जागी गोळा होऊन काही जळणार नाही एवढं बघा.